निवृत्तीनंतरचं अर्धवेळ काम : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

निवृत्तीनंतर काय काम करावं, किती करावं आणि कोणत्या अटींवर करावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रं संक्षिप्त केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : एका कारखान्यात ३४ वर्षं स्टोअर्स विभागात होतो, शेवटी मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. ओळखीचे सगळे ‘कन्सल्टन्सी कर’ म्हणतात. पैशांची निकड नाही, पण काम मनासारखं हवं. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हुद्दा बाजूला ठेवा आणि दिवसभरात तुमच्या हातून नेमकं काय काय व्हायचं ते कागदावर लिहून काढा. आलेला माल चलनाशी ताडून घेणं, बिन कार्ड (प्रत्येक मालाच्या आवक-जावकीची नोंद) भरणं, साठ्याची मोजणी, पुरवठादाराशी घासाघीस, खरेदी विभागाशी वाद, महिनाअखेरचा अहवाल, हाताखालच्या माणसांच्या रजा. आता प्रत्येकापुढे एकच खूण करा : हे काम सकाळी आल्या आल्या हाती घ्यायचात की संध्याकाळवर ढकलायचात? मॅनेजर झाल्यावर ढकलायची कामंच जास्त वाट्याला येतात. कन्सल्टन्सीत अहवाल, बैठका आणि बिलासाठीचा पाठपुरावा हेच पुन्हा गळ्यात पडतं. म्हणून तो सल्ला लगेच मनावर घेऊ नका.

मोजणी आणि मांडणी आवडत असेल तर औषधांचे घाऊक विक्रेते, हार्डवेअरची मोठी दुकानं, संस्थांची वसतिगृहं यांना महिन्यातून तीन-चार दिवस साठा तपासून देणारा माणूस हवा असतो. औषधांच्या दुकानात तर मुदत संपत आलेला माल वेळेत बाजूला काढला नाही, तर कंपनी तो परत घेत नाही आणि नुकसान दुकानदाराच्या माथी बसतं. त्यामुळे या कामाची किंमत त्याला लगेच कळते.

पहिला महिना चाचणीचा ठेवा आणि अर्ध्या पानावर पाच गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्या : कोणते दिवस, किती तास, किती मानधन आणि कोणत्या तारखेला, काम कोण सांगणार, आणि कोणतं काम यात येत नाही. या पाचव्या ओळीवाचून अर्धवेळ काम बिघडतं. दोन दिवस ठरतात, मग ‘जरा येऊन जा’ सुरू होतं आणि चार महिन्यांनी पूर्ण नोकरी निम्म्या पगारात चालू असते.

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून यंदा निवृत्त झालो. हिशेबाची आवड आहे, पण टार्गेट आणि वसुली आता नको. आमच्या भागातल्या दोन-तीन गृहनिर्माण सोसायट्या हिशेबनीस शोधत आहेत. हे काम कसं असतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बँकेतल्या माणसाला शोभणारं आणि घराजवळ मिळणारं काम आहे. मुंबई, ठाणे, पुणे इथे त्याला मागणीही कायम असते. आधी एक खात्री करून घ्या. सरकारी आणि बँक पेन्शनच्या नियमांत काही दर्जांच्या अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी नोकरीसाठी पूर्वपरवानगी लागते. सोसायटीचं काम त्यात बसतं का, हे तुमच्या बँकेच्या पेन्शन विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

साठ-सत्तर सदनिकांच्या सोसायटीला आठवड्यातल्या दोन सकाळी साधारण पुरतात, पहिल्या आठवड्यात थोडं जास्त. महिन्याचा क्रम ठरलेला असतो. सुरुवातीला देखभाल शुल्काची बिलं काढायची. मागच्या महिन्यात कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) ७ तारखेच्या आत भरायचा. मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत चालतो. मग बँक ताळमेळ, सुरक्षारक्षक, साफसफाई, लिफ्टची देखभाल, सामाईक वीज आणि पाणी यांची व्हाउचरं, आणि थकबाकीदारांची यादी समितीच्या बैठकीआधी तयार. वर्षाचे टप्पे असे : ३१ मार्चला वर्ष संपलं की ४५ दिवसांत हिशेबपत्रकं, चार महिन्यांत लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांवर तीन महिन्यांत ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. हा अहवाल पुष्कळ ठिकाणी राहून जातो.

टीडीएसमध्ये बँकेतले लोकही इथे चुकतात, कारण शाखेत तो यंत्रणा कापत असे. कंत्राटदाराला एका वेळी ३०,००० रुपयांपेक्षा जास्त किंवा वर्षात एकूण १ लाखापेक्षा जास्त रक्कम दिली, तर व्यक्ती असल्यास १ टक्का आणि कंपनी किंवा भागीदारी असल्यास २ टक्के कापायचे. रंगकामाचा ठेकेदार पॅन देत नसेल तर २० टक्के. पॅन हाती आल्याशिवाय आगाऊ रक्कमही देऊ नये, कारण पैसे एकदा गेले की कापायला काही उरत नाही आणि तो भुर्दंड सोसायटीवर येतो. जीएसटीचा प्रश्न सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि एखाद्या सदस्याचं मासिक देखभाल शुल्क ७,५०० रुपयांच्या वर, अशा दोन्ही गोष्टी असतील तेव्हाच येतो.

उपविधींतले, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतले, काही आकडे तोंडपाठ हवेत. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. भाड्याने दिलेल्या सदनिकेला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि महापालिका क्षेत्रात हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये. थकबाकीवरचं व्याज सरळव्याजाने असतं, चक्रवाढीने नाही. तयार सॉफ्टवेअरमध्ये ही निवड पहिल्या दिवशी तपासा. आधीच्या माणसाने चक्रवाढ लावून ठेवलेली असेल, तर दोन-तीन वर्षांत एखाद्या सदस्याची बाकी इतकी फुगते की वाद निबंधक कार्यालयापर्यंत जातो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे बिननावाचे यूपीआय जमा. सदस्य पैसे पाठवतात, पण सदनिका क्रमांक लिहीत नाहीत. मुलगा परदेशातून भरतो, भाडेकरू आपल्या नावाने भरतो. ही रक्कम सस्पेन्स खात्यात (कुणाची ते न कळलेल्या रकमांच्या खात्यात) साठत जाते, इकडे त्याच सदस्याला थकबाकीचं बिल जातं आणि भांडण तुमच्या टेबलावर येतं. साधा उपाय असा, की बिलाची रक्कम सदनिकेगणिक एक-दोन रुपयांनी वेगळी ठेवायची नाही (काही जण ठेवतात, त्याने हिशेबाचा चुथडा होतो). त्याऐवजी बँकेकडून प्रत्येक सदनिकेसाठी स्वतंत्र आभासी खाते क्रमांक मागायचा. बँक देत नसेल तर दर महिन्याच्या १५ तारखेला न ओळखलेल्या जमांची यादी सूचनाफलकावर लावायची. दोन महिन्यांत सस्पेन्स रिकामं होतं.

काम घेण्याआधी मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, मार्चअखेरचा बँक ताळमेळ आणि मुदत ठेवींच्या पावत्या पाहायला मागा. सिंकिंग फंडाचा ताळेबंदातला आकडा आणि ठेवींची बेरीज जुळत नसेल तर कारण विचारा. जुनी रखडलेली वर्षं तुमच्या कामात येत नाहीत, असं पत्रात लिहून घ्या. हवी असतील तर त्याचं मानधन वेगळं. चेकवर सही करणारा होऊ नका, रोख रक्कम आणि कपाटाची किल्ली जवळ ठेवू नका. ज्या सोसायटीत राहता तिथे पगारी काम घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्याची थकबाकी तुम्हाला माहीत असणं दोघांनाही जड जातं.

पुढे याच कामात रस वाटला तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा किंवा गृहनिर्माण व्यवस्थापनाची सी.एच.एम. परीक्षा देता येते. दोन्ही साधारणपणे मे महिन्यात होतात.

प्रश्न : माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. शिकवण्या नकोत. घरी बसून मुद्रितशोधन करायची इच्छा आहे. व्याकरण पक्कं आहे. आणखी काय लागतं आणि दर कसा सांगायचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, व्याकरण पक्कं असणं ही अर्धी तयारी. उरलेली अर्धी म्हणजे स्वतःला आवरणं. शिक्षकाचा लाल पेन लेखकाची भाषा सुधारू लागतो, आणि प्रकाशक दुसऱ्यांदा काम देत नाही. कथेतलं पात्र ‘मला काय ठावं’ म्हणत असेल तर ते तसंच राहू द्यायचं. वाक्य खटकलं तर समासात प्रश्नचिन्ह करून लेखकाला विचारायचं, परस्पर बदलायचं नाही. लेखनाचे नियम मात्र सगळीकडे सारखे लावायचे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२ साली जोडलेले चार, असे अठरा नियम टेबलावर छापून ठेवा. प्रकाशनसंस्थेची स्वतःची शैली वेगळी असू शकते. त्यांच्याकडून ती आधीच मागून घ्या : अंक देवनागरी की रोमन, ‘केलं’ की ‘केले’, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी.

पहिलं प्रूफ हस्तलिखिताशी ओळ न ओळ ताडून वाचायचं. दुसऱ्यात आधीच्या दुरुस्त्या झाल्या का एवढंच पाहायचं, पण दुरुस्ती झालेल्या ओळीच्या वरची आणि खालचीही ओळ वाचायची, कारण एक अक्षर बदलताना शेजारचं मोडतं. तिसरं अखंड वाचायचं. शेवटी मजकूर न वाचता फक्त पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका, प्रकरणांची शीर्षकं आणि चित्रओळी तपासायच्या. मोठ्या अक्षरातल्या चुका सर्वांत शेवटी दिसतात, किंवा पुस्तक छापून आल्यावर.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणलेला असेल तर वेगळी नजर लागते. तिथे रफार आणि अर्धा ऱ (ऱ्) यांची अदलाबदल होते : डोंगरातल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन समुद्र बनतात, स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यांना’ ‘आचार्यांना’ अशी पदवी मिळते. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे संगणकाचा शब्दतपासनीस गप्प बसतो. ‘शोधा आणि बदला’ वापरताना तर फार जपून. ‘कि’चं ‘की’ एका फटक्यात केलं तर ‘किती’चं ‘कीती’ आणि ‘किनारा’चं ‘कीनारा’ होतं. शब्दाच्या आधी आणि नंतर मोकळी जागा धरून शोध द्यायचा, आणि तरीही एकेक बदल पाहून मान्य करायचा.

दर सांगण्याआधी त्याच पुस्तकाची दहा पानं घड्याळ लावून वाचा. पानात २५० ते ३०० शब्द धरले, तर पहिल्या वाचनाला तासाला आठ-दहा पानं हा बरा वेग. तासाचं तुम्हाला हवं ते मानधन त्या पानांनी भागलं की पानाचा दर निघतो. दुसऱ्या वाचनाला निम्मा दर ठीक. कोशासारखं काम, तळटीपा, तक्ते आणि संस्कृत अवतरणं यांना वेगळा दर सांगा. एक तृतीयांश रक्कम आगाऊ घ्या आणि उरलेली ‘अंतिम प्रूफ दिल्यापासून तीस दिवसांत’ असं लिहा. ‘पुस्तक आल्यावर’ असं लिहिलंत, तर पुस्तक रखडलं की पैसेही रखडतात. चाळीस मिनिटांनी उठून डोळ्यांना विश्रांती द्या. थकलेल्या नजरेने वाचलेली पानं पुन्हा वाचावी लागतात.

प्रश्न : एसटीच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होतो. हाताला काम हवंय. घरच्या पडवीत पंखे, मिक्सर, इस्त्री दुरुस्त करायचं म्हणतोय. गुडघे दुखतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, गुडघ्यांमुळेच नियम पहिला : शिडीवर चढायचं नाही आणि कुणाच्या घरी जायचं नाही. पंखा गिऱ्हाइकाने उतरवून आणायचा. घरांच्या वायरिंगचं काम घेऊ नका, त्याला विद्युत कंत्राटदाराचा परवाना लागतो. टेबलावरच्या दुरुस्तीत तुमचा वेळ बरा जाईल आणि गल्लीला उपयोगही होईल, कारण छोट्या वस्तू दुरुस्त करणारा माणूस आता सहज सापडत नाही.

टेबलाच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि पायाखाली रबरी मॅट घाला. मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (विजेची गळती तपासणारा मीटर), बेअरिंग पुलर, ३५ वॉटचं सोल्डरिंग आणि सिरीज दिवा (वस्तूच्या ओळीत जोडून तपासायचा बल्ब) एवढ्यावर सुरुवात होते. सिरीज दिव्यासाठी जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. इस्त्री किंवा हीटर सिरीजला लावला तर दिवा जवळजवळ पूर्ण पेटतो आणि शॉर्ट असल्याचा भास होतो. अशा वस्तूंचा रोध मीटरवर पाहा. ५२,९०० ला वॉटने भागलं की ओहम मिळतात : १,००० वॉटच्या इस्त्रीला सुमारे ५३, ७५० वॉटच्या इस्त्रीला सुमारे ७०. मग मेगरने कॉइल आणि बाहेरची पत्रा-बॉडी यांच्यात तपासा. १ मेगओहमच्या खाली असेल तर वस्तू परत द्यायची नाही, मग ती चालत का असेना.

हळू फिरणाऱ्या किंवा हाताने ढकलल्यावर सुरू होणाऱ्या पंख्यात बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. साध्या छतपंख्यात तो २.५ मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावर लिहिलेलीच किंमत बसवा, मोठा घातल्याने वेग वाढत नाही, वाइंडिंग तापतं. घरघर असेल तर ६२०१ आणि ६२०२ ही बेअरिंगं पाहा. नव्या बीएलडीसी पंख्यांत आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. ते वॉरंटीत कंपनीकडेच पाठवा.

मिक्सर बंद पडला म्हणून आणला तर आधी तळाचं ओव्हरलोडचं बटण दाबून पाहा. पुष्कळ मिक्सर तिथेच सुरू होतात. नंतर कार्बन ब्रश. झिजून आखूड झाले असतील तर जोडीनेच बदला, एकच बदलला तर ठिणग्या उडतात. बऱ्याच मिक्सरांत कपलरचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी दिशा तपासा. भांड्याच्या तळातून काळं तेल चटणीत उतरत असेल तर बुश आणि सील दोन्ही नवे घाला.

मायक्रोवेव्ह घेऊ नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार राहू शकतो. वस्तू आली की चिठ्ठी बांधा : नाव, फोन, तक्रार, सोबत काय काय आलं. मिक्सरचं झाकण दिलं होतं की नाही, यावरून जितके वाद होतात तितके पैशांवरून होत नाहीत. तपासणीचे थोडे पैसे आधी घ्या आणि दुरुस्ती केली तर ते बिलातून वळते करा. वस्तू घेण्याचे आठवड्यातले दोनच दिवस ठेवा आणि ते पाटीवर लिहा.

प्रश्न : सार्वजनिक बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालो, वय ६३. एका फर्मचं तांत्रिक काम करतो. ते १० टक्के कापून पैसे देतात. पेन्शनवर कर वेगळा कापला जातो. मला आणखी काही करावं लागतं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : लागतं. फर्मने कापलेला १० टक्के टीडीएस हा तुमचा अंतिम कर नव्हे. पेन्शन ‘पगार’ या शीर्षाखाली आणि मानधन ‘व्यवसाय’ या शीर्षाखाली धरून दोन्हींची बेरीज होते. ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर भरण्यातून सूट असते, पण ती व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. मानधन सुरू झालं की ती सूट जाते, आणि टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा जास्त कर निघत असेल तर आगाऊ भरावा लागतो. नाहीतर व्याज बसतं. ही गोष्ट बहुतेकांना पहिलं विवरणपत्र भरताना कळते.

अभियांत्रिकी व्यवसायाला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. एकूण मिळालेल्या मानधनाचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवायचा, खर्चाची वह्या-बिलं ठेवायची गरज नाही. ही सोय घेतली तर आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. विवरणपत्र मात्र नेहमीचं पहिल्या क्रमांकाचं चालत नाही, चौथ्या क्रमांकाचं ‘सुगम’ भरावं लागतं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, आणि पेन्शनमधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. तिथे बसत असाल तर कापलेला टीडीएस परत मिळेल. व्यवसायाचं उत्पन्न असताना जुन्या प्रणालीत गेलात तर परत यायची संधी एकदाच असते, म्हणून दोन्ही हिशेब मांडूनच ठरवा. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर तो माफ होतो.

प्रश्न : घरबसल्या डेटा एंट्रीचं काम देतो म्हणून फोन आला. नोंदणीचे ३,५०० रुपये मागतात, काम झाल्यावर परत देणार म्हणे. घ्यावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : घेऊ नका. काम देणारा पैसे मागत नाही. या प्रकारात पुढे काय होतं तेही सांगतो : शंभर-दोनशे पानं टंकून दिल्यावर ‘अचूकता कमी’ म्हणून काम नाकारतात, मग करारभंगाची ‘वकिलाची नोटीस’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि दंड मागतात. घाबरून पुष्कळ लोक भरतात. अशी नोटीस आली तर उत्तर देऊ नका, संदेश पुसू नका, त्यांची चित्रं जपून ठेवा. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर आपल्या बँकेच्या शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या.